मिडलमार्च आणि ॲना कॅरेनिना : समांतर वाचनाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

जॉर्ज एलियट (हे एका लेखिकेचे टोपणनाव) यांची ‘मिडलमार्च’ आणि लिओ टॉलस्टॉय यांची ‘ॲना कॅरेनिना’ या दोन कादंबऱ्या एकीपाठोपाठ एक न वाचता, शेजारी-शेजारी ठेवून, भागास भाग लावून वाचायच्या, असे मी आणि माझ्या ताईने या वर्षासाठी ठरवले आहे. दोन्हींचे आठ-आठ भाग आहेत आणि दोन्ही त्या काळच्या वाचकांच्या हाती हप्त्याहप्त्यानेच पडल्या. ‘मिडलमार्च’चे आठ भाग एडिंबरोच्या ब्लॅकवुड यांनी डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात सुट्या पुस्तकांच्या रूपाने काढले, आधी दोन महिन्यांनी एक आणि अखेरचे महिन्याला एक. एका भागाची किंमत पाच शिलिंग होती. ‘ॲना कॅरेनिना’ १८७५ ते १८७७ या काळात ‘रूस्की वेस्त्निक’ या मासिकात क्रमशः आली आणि मध्ये कित्येक महिन्यांचे खंड पडले. क्रमशः कादंबरीची वाट पाहण्याची सवय मराठी वाचकालाही जुनीच आहे. हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये निघाले, तेव्हापासून आपल्याकडेही घरोघर पुढच्या अंकाची चर्चा होऊ लागली. या दोन पुस्तकांना तीच चाल मानवेल, असा आमचा अंदाज आहे. महिन्याला दोन्हींचा साधारण एकेक भाग, या हिशेबाने पावसाळा सरेपर्यंत वाचन चालेल.

नियम दोनच ठेवले आहेत. अभ्यासकांच्या प्रस्तावना सर्वांत शेवटी वाचायच्या, कारण कथानकाचा शेवट त्यांत बहुधा पहिल्या दोन पानांतच सांगून टाकलेला असतो. आणि शेती, निवडणूक, चर्च, वैद्यकी असे काहीही आले, तरी एकही प्रकरण गाळायचे नाही. मी पाटबंधारे खात्यातून लेखनिक म्हणून निवृत्त झालो, ताईने नाशिकला शाळेत इतिहास शिकवला. साहित्याचे रीतसर शिक्षण आमच्यापैकी कोणाचेही नाही. इंग्रजी कादंबरी मुळातून आणि रशियन कादंबरी लुईझ व एल्मर मॉड या दांपत्याच्या १९१८ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचत आहोत.

१२ जानेवारी २०२५

रशियन नावांची पुष्कळांना धास्ती वाटते आणि पहिल्या पन्नास पानांतच पुस्तक खाली ठेवले जाते. मराठी वाचकाला खरे तर ही अडचण सर्वांत कमी पडायला हवी, कारण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही रचना आपल्या ओळखीची आहे. स्तेपान अर्काद्येविच ऑब्लॉन्स्की आणि ॲना अर्काद्येव्हना कॅरेनिना यांच्या मधल्या नावांवरून ते अर्काडी नावाच्या गृहस्थाची मुले, म्हणजे सख्खे भाऊबहीण, हे लगेच उमगते. कादंबरीचा दुसरा नायक, जमीनदार लेविन, याच्या घरात कॉन्स्टंटिन आणि निकोलाय हे दोघे दिमित्रिएविच आहेत, तर कोझ्निशेव्ह मात्र इव्हानोविच आहे. आई एक, वडील निराळे. एक भेद तेवढा ध्यानात ठेवावा लागतो. लग्नानंतर आपल्याकडे बाईच्या नावामागे नवऱ्याचे नाव लागते. रशियात आडनाव नवऱ्याचे येते, पण मधले नाव वडिलांचेच राहते. ॲना कॅरेनिनच्या घरात इतकी वर्षे राहूनही अर्काडीची मुलगी म्हणूनच हाक ऐकते. ताईने दोन्ही कादंबऱ्यांच्या वंशावळी एका मोठ्या कागदावर काढल्या आणि त्याची एक प्रत मला पाठवली. ती पुस्तकातच घडी घालून ठेवली आहे.

२६ जानेवारी २०२५

‘ॲना कॅरेनिना’च्या पहिल्या भागातील एकोणतिसाव्या प्रकरणात नायिका स्वतःच एक वाचक म्हणून समोर येते. मॉस्कोहून पीटर्सबर्गला परतताना ती गाडीत स्थिरस्थावर होते, दासीकडून लहान दिवा मागून घेऊन तो आसनाच्या हाताला अडकवते आणि पिशवीतून एक इंग्रजी कादंबरी व पाने कापण्याची सुरी काढते. त्या काळी नव्या पुस्तकांची पाने जोडलेलीच येत आणि वाचकाला ती स्वतः कापावी लागत. सुरुवातीला लक्ष लागत नाही, कारण लोकांची ये-जा चालू आहे, खिडकीवर बर्फ आपटते आहे. नंतर मजकूर कळू लागतो, पण दुसऱ्यांच्या आयुष्याचे प्रतिबिंब पाहत बसणे तिला नकोसे होते, कारण तिला स्वतः जगायचे आहे. कादंबरीतील नायिका आजाऱ्याची शुश्रूषा करते, तर हिला त्या खोलीत हलक्या पावलांनी वावरावेसे वाटते. पार्लमेंटचा सभासद भाषण करतो, तर ते भाषण आपण करावे असे हिला वाटते. शेवटी त्या नायकाला सरदारकी आणि जहागीर असे इंग्रजी सुख लाभण्याच्या बेतात असताना हिला एकाएकी लाज वाटू लागते आणि ती कशाची, हे तिलाच उमगत नाही. वाचता-वाचता मन पुस्तकातून निसटून आपल्याच गोष्टीकडे कसे धावते, याचे इतके अचूक वर्णन माझ्या तरी वाचनात दुसरे नाही.

‘मिडलमार्च’मधील डोरोथियाही वाचक आहे, पण तिचे वाचन नवऱ्याच्या सेवेसाठी आहे. लॅटिन व ग्रीक अक्षरे शिकून, अर्थ कळला नाही तरी, अंध कवी मिल्टनच्या मुली वडिलांना वाचून दाखवत तसे आपण कॅसॉबनला वाचून दाखवू, असे ती लग्नाआधीच सुचवते. दोघींनाही आपल्या आयुष्याहून मोठे काहीतरी हवे आहे. टॉलस्टॉय यांना एलियट यांच्या लेखनाविषयी आदर होता आणि कलेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी ‘ॲडम बीड’ या कादंबरीचा चांगल्या कलेचे उदाहरण म्हणून उल्लेख केला आहे, म्हणून हे शेजार अगदीच ओढूनताणून आणलेले नाही.

९ फेब्रुवारी २०२५

पहिला भाग दोन्हीकडे संपला आणि या प्रकल्पाचा खरा प्रश्न समोर आला. दोन्ही कादंबऱ्यांत एकेक वयस्क, विद्वान, नीरस नवरा आहे. कॅसॉबन डोरोथियाहून सत्तावीस वर्षांनी मोठा, कॅरेनिन ॲनाहून वीस वर्षांनी. दोघेही आपल्यासमोर प्रथम दुसऱ्याच्या नजरेतून येतात आणि ती नजर शरीरातील एखाद्या बारीक खोडीवर खिळलेली असते. डोरोथियाची धाकटी बहीण सीलिया हिला कॅसॉबनच्या चेहऱ्यावरचे केसाळ पांढरे तीळ दिसतात आणि सूप पिताना त्याचा चमचा ताटलीवर घासल्याचा आवाज सोसवत नाही. पीटर्सबर्गच्या स्टेशनावर उतरल्या-उतरल्या ॲनाला नवऱ्याचे कान दिसतात. गोल हॅटची कड त्या कानांवर टेकलेली आहे, आणि हे कान असे कधीपासून झाले, असे तिच्या मनात येते. कान अर्थातच पूर्वीचेच आहेत. बदलले आहे ते तिचे मन, आणि हे टॉलस्टॉय एका शब्दानेही न सांगता आपल्याला कळते.

गावातील लोकही कॅसॉबनची थट्टाच करतात. मिसेस कॅडवॉलडर म्हणतात की त्याच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली पाहिला, तर त्यात अर्धविराम आणि कंसच दिसतील. हे वाचताना हसू येते आणि वाचक त्या थट्टेत सामील होतो. दोन्ही लेखकांनी आपल्याला असे सामील करून घेतले आहे. पुढे ते या दोघांचे काय करतात, हे पाहण्यासाठी मी प्रत्येक भागात त्यांच्यापुरती वेगळी टिपणे ठेवणार आहे.

९ मार्च २०२५

दुसरा भाग. ‘मिडलमार्च’मध्ये दवाखान्याचा धर्मगुरू निवडण्यासाठी झालेल्या सभेचे अठरावे प्रकरण पुष्कळ वाचक भराभर उलटत असतील, मला ते थांबून-थांबून वाचावेसे वाटले. तरुण डॉक्टर लिडगेटला फेअरब्रदर हा उमेदवार मनापासून आवडतो, पण दवाखान्याला पैसा पुरवणारा बँकवाला बुलस्ट्रोड टाइक या दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूचा आहे. लिडगेट उशिरा पोहोचतो, तोवर मते समसमान झालेली असतात, आणि तुम्ही बुलस्ट्रोडच्याच बाजूने मत देणार हे सर्वांना ठाऊक आहे, असे कोणीतरी टोचून बोलते. त्या चिडीच्या भरात तो कागदावर टाइकचे नाव लिहून मोकळा होतो. सरकारी कचेरीत वर्षे काढलेल्या माणसाला हे नवे नाही. माणसे लाच न घेताही दुसऱ्याची होतात, आणि ती कोणत्या क्षणी होतात हे एलियट यांनी नेमके टिपले आहे.

कॅरेनिनबाबतची या भागातील नोंद : आठव्या प्रकरणात तो रात्री उशिरापर्यंत बायकोची वाट पाहत खोल्यांतून येरझारा घालतो. तिच्याशी काय बोलायचे, याचा मसुदा त्याच्या डोक्यात खात्याच्या अहवालासारखा तयार होतो : पहिला मुद्दा लोकमत आणि मर्यादा, दुसरा विवाहाचा धार्मिक अर्थ, तिसरा मुलाचे संभाव्य नुकसान, चौथा तिचे स्वतःचे दुःख. मग तो बोटे मोडतो आणि त्या आवाजाने त्याला धीर येतो. ॲनाला ही सवय नकोशी आहे. मला मात्र या प्रकरणात त्याच्याविषयी पहिल्यांदा वाईट वाटले, कारण भीती वाटली की ज्या भाषेचा आधार घ्यायचा ती त्याच्यापाशी एकच आहे, आणि ती कचेरीची आहे.

१३ एप्रिल २०२५

तिसऱ्या भागात दोन्ही लेखकांनी जवळजवळ एकाच सुमाराला या दोन नवऱ्यांचे दार आतून उघडले आहे.

एलियट हे उघडपणे करतात. एकोणतिसाव्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य डोरोथियापासून सुरू होते आणि मध्येच थांबते : पण दर वेळी डोरोथियाच का? या लग्नाकडे पाहण्याची तिची एकटीचीच बाजू आहे काय? पुढे त्या म्हणतात की सीलियाला नकोसे वाटणारे ते तीळ असोत, पण या माणसाच्या आतही आपल्या सर्वांसारखीच एक भुकेली जाणीव आहे. आणि ही भूक कशाची, ते त्या तपशिलाने दाखवतात. त्याने विद्वानांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकांवर कोणीतरी बोचरी टीका केली होती. ती आपल्या जुन्या परिचयातील कार्पनेच लिहिली, असा त्याचा संशय आहे, आणि ती टीका त्याने मेजाच्या एका लहानशा खणात कुलूप लावून ठेवली आहे. खणात कोंडून ठेवलेल्या त्या कागदाने माझे कॅसॉबनविषयीचे मत बदलले. ज्याला कोणाचीच पर्वा नाही असा माणूस टीका फाडून टाकतो. हा ती जपून ठेवतो. आपण हे पात्र कोणावरून घेतले, असे विचारल्यावर एलियट यांनी स्वतःच्या हृदयाकडे बोट दाखवले, असे सांगितले जाते, आणि हे प्रकरण वाचल्यावर त्यावर विश्वास बसतो.

टॉलस्टॉय असे मध्येच येऊन बोलत नाहीत. तिसऱ्या भागाच्या चौदाव्या प्रकरणात, बायकोने घोड्यांच्या शर्यतीनंतर व्रॉन्स्की या लष्करी अधिकाऱ्याशी असलेले आपले प्रेमसंबंध कबूल करून टाकल्यावर, कॅरेनिन घरी येऊन तिला पत्र लिहितो. पत्र पुन्हा वाचून त्याला समाधान वाटते, विशेषतः सोबत पैसे पाठवण्याचे आपल्याला आठवले याचे. मग तो इटलीतील गुब्बिओ येथे सापडलेल्या प्राचीन कांस्यपटांवरचे एक फ्रेंच पुस्तक उघडतो. यालाही कॅसॉबनसारखाच जुन्या लेखांचा नाद आहे. वाचनात मन रमत नाही. भिंतीवरच्या ॲनाच्या तसबिरीकडे नजर जाते आणि अंगावर शहारा येतो. शेवटी तो झारायस्क प्रांतातील शेतांच्या पाटबंधाऱ्यांच्या प्रकरणाकडे वळतो. ते काम आधीच्या अधिकाऱ्यांनी सुरू केलेले, त्यावर भरमसाट पैसा गेलेला आणि पाणी मात्र नाही. त्यावर खास समिती नेमण्याची मागणी कशी करायची, याचा आराखडा तयार होताच त्याच्या चेहऱ्यावर जीव येतो आणि झोपायला जाताना घरातील प्रसंग त्याला मघाइतका काळा दिसत नाही.

ज्या खात्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्याच खात्याचे प्रकरण १८७० च्या दशकातील पीटर्सबर्गमध्ये, इतक्या ओळखीच्या वळणाने भेटेल याची मला कल्पना नव्हती. फाइलीत तोंड खुपसून घरचे दुःख विसरणारे साहेब मी पाहिले आहेत आणि त्यांना दगडाचे म्हणणारे सहकारीही पाहिले आहेत. टॉलस्टॉय त्याला दगडाचा म्हणत नाहीत. ते फक्त त्याच्या मेजाशेजारी उभे राहतात आणि कागद कसे हलतात ते सांगतात.

२० एप्रिल २०२५

याच भागात लेविनची कापणी आहे, चौथे आणि पाचवे प्रकरण, ज्यांचे कौतुक सगळेच करतात आणि ते योग्यच आहे. त्यानंतर येणारी शेतीची चर्चा मात्र लोक गाळतात. १८६१ मध्ये भूदासप्रथा गेली. जमीन मालकाची, श्रम मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याचा, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही. लेविन कामकऱ्यांना वाट्याचे भागीदार करून पाहतो आणि ते त्यात काहीतरी डाव आहे असे समजतात. ज्याने बटाईच्या जमिनीवरचे तंटे जवळून पाहिले आहेत, त्याला ही प्रकरणे कंटाळवाणी वाटण्याचे कारण नाही. शिवाय लेविनला पुढे जे प्रश्न पडतात, त्यांची मुळे इथेच आहेत. ही पाने सोडली, तर आठव्या भागातील लेविन अधांतरी वाटेल.

१८ मे २०२५

चौथा भाग. या महिन्यात वाचलेल्या दोन प्रकरणांसाठी हा सारा उद्योग केला असे म्हटले तरी चालेल.

‘मिडलमार्च’चे बेचाळिसावे प्रकरण. कॅसॉबनने लिडगेटला बोलावून आपल्या आजाराविषयी स्पष्ट विचारले आहे. हृदयाचा विकार आहे, तो अवचित घात करू शकतो किंवा माणूस पंधरा वर्षेही काढू शकतो, असे लिडगेट सांगतो. स्टेथोस्कोप देणाऱ्या लेनेक यांनी या रोगाचा माग काढला, हेही तो सांगतो. डॉक्टर गेल्यावर कॅसॉबन बागेतील झाडांच्या ओळीतून एकटाच चालतो. डोरोथिया जवळ येऊन त्याच्या हातात हात घालते, आणि तो हात तसाच ताठ ठेवतो, तिला प्रतिसाद देत नाही. ती आपल्या खोलीत जाते आणि तिचा संताप होतो. एलियट तिला अगदी खरा, उघडा राग येऊ देतात. पुढचे तास ती त्या रागाशी झगडते. रात्री तो ग्रंथालयातून वर येण्याच्या वेळी ती अंधारात जिन्यापाशी जाऊन उभी राहते. हातात दिवा घेऊन येणाऱ्या कॅसॉबनचा चेहरा तिला अधिकच ओढलेला दिसतो. तू माझी वाट पाहत होतीस का, असे तो आश्चर्याने विचारतो, आणि मग हळुवार स्वरात म्हणतो की चल, तू तरुण आहेस, जागून आयुष्य लांबवण्याची तुला गरज नाही. ती आपला हात त्याच्या हातात देते आणि दोघे त्या रुंद मार्गिकेतून बरोबर चालत जातात. बस, एवढेच. कोणी क्षमा मागत नाही, कोणी काही कबूल करत नाही. दिवसा ताठ राहिलेला तोच हात रात्री हात स्वीकारतो.

‘ॲना कॅरेनिना’च्या चौथ्या भागाचे सतरावे प्रकरण. ॲना व्रॉन्स्कीच्या मुलीला जन्म देऊन तापाने फणफणली आहे, मरणार असे सर्वांनी धरले आहे. तिची तार मिळाली, तेव्हा ही युक्ती असावी असे कॅरेनिनला वाटले होते, आणि प्रवासात तिच्या मृत्यूने सर्व गुंता सुटेल हा विचार त्याने दूर सारूनही सरला नव्हता. पण तिच्या खाटेजवळ तो गुडघ्यांवर येतो, तिच्या हातावर डोके टेकवतो आणि मुलासारखा रडतो. आयुष्यभर ज्या भावनेला तो दुबळेपणा समजत आला, तिने त्याला अचानक सुखी केले, असे टॉलस्टॉय लिहितात. हा प्रसंग प्रसिद्ध आहे. माझे लक्ष मात्र दोन प्रकरणे पुढे, एकोणिसाव्या प्रकरणात गुंतले. ती नवजात मुलगी त्याची नाही, आईच्या आजारात तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही, आणि कॅरेनिनने काळजी घेतली नसती तर ती वाचलीच नसती. दिवसातून अनेकदा तो बाळाच्या खोलीत जाऊन बसतो. दायांना आधी अवघडल्यासारखे होते, मग सवय होते. त्या झोपलेल्या, सुरकुतलेल्या, लालसर चेहऱ्याकडे तो अर्धा-अर्धा तास पाहत राहतो. बाळ सतत रडते, तेव्हा दूध पाजणाऱ्या दाईला दूधच पुरेसे नाही हे उघड होते, आणि तोवर घरातील कोणीही त्याचा छडा लावलेला नसतो.

टॉलस्टॉय यांच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत नवरा अधिक सहृदय आणि बायको अधिक उथळ होती, असे अभ्यासक सांगतात. लिहिता-लिहिता ॲना मोठी होत गेली. तरीही त्या पहिल्या खर्ड्यांतल्या नवऱ्यातले काहीतरी या बाळाच्या खोलीत शिल्लक राहिले असावे, असे मला वाटते.

२२ जून २०२५

पाचव्या भागाने आमच्यात वाद लावला. तो इथे नोंदवणे आवश्यक आहे.

अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात कॅसॉबन डोरोथियाकडून वचन मागतो की माझ्या मृत्यूनंतर माझ्या इच्छेप्रमाणे वाग. ती इच्छा कोणती, हे सांगत नाही. ती रात्रभर विचार करून होकार देण्यासाठी बागेत जाते, तेव्हा तो दगडी मेजावर डोके टेकून गतप्राण झालेला असतो. पन्नासाव्या प्रकरणात मृत्युपत्राची पुरवणी कळते : तिने कॅसॉबनच्या तरुण नातलगाशी, लॅडिस्लॉशी, लग्न केले, तर सारी मालमत्ता जाईल. ताई फोनवर म्हणाली, “तुझ्या त्या खणातल्या कागदाची दया मलाही आली रे. पण ज्या बाईने त्याच्यासाठी जिन्यात उभं राहून रात्र काढली, तिच्या नावाला त्याने मेल्यावर डाग लावला. आता काय म्हणशील?” मी म्हणालो, “ताई, दया आली म्हणून त्याने केलेलं चांगलं ठरत नाही.” त्यावर ती म्हणाली, “मग दया कशासाठी दाखवली एलियटने?”

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करत होतो, आणि उत्तर मला रशियन कादंबरीच्या पाचव्या भागात मिळाल्यासारखे वाटते. कॅरेनिनचे बालपण टॉलस्टॉय आपल्याला इतक्या उशिरा, एकविसाव्या प्रकरणात सांगतात. वडील आठवत नाहीत, दहाव्या वर्षी आई गेली, काकाने वाढवले, एकुलत्या एका भावाशी जवळीक होती तोही परदेशी वारला; मित्र एकही नाही. प्रांताचा गव्हर्नर असताना ॲनाच्या आत्याने त्याला अशा पेचात पकडले की मागणी घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. हे सर्व वाचून मन भरून येते, आणि ज्या पानांवर मन भरून येते त्याच पानांवर तो लिडिया इव्हानोव्हना या धर्मवेड्या उमराव बाईच्या भक्तीच्या आहारी जाऊ लागतो. ती त्याच्या मुलाला, सेर्योझाला, तुझी आई मेली असे सांगून टाकते. म्हणजे चौथ्या भागातील क्षमा टिकली नाही, ती आटून तिचे कर्मकांड झाले.

मग सेर्योझाच्या वाढदिवसाची सकाळ येते. ॲना चोरून घरात शिरते, झोपलेल्या मुलाला उठवते. बाप येण्याची वेळ झाल्यावर ती मुलाला सांगते की त्याच्यावर प्रेम कर, तो माझ्याहून चांगला आहे आणि मी त्याची अपराधी आहे. दारात कॅरेनिन समोर येतो, थबकतो आणि मान झुकवतो. आत्ताच ज्याला आपल्याहून चांगला म्हटले, त्याला आपादमस्तक पाहताच तिच्या मनात किळस आणि द्वेष दाटून येतो. ती बुरखा ओढून निघून जाते, आणि आदल्या दिवशी जीव लावून निवडलेली खेळणी न उघडताच तिच्याबरोबर परत जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत : तो चांगला आहे हेही आणि तो तिला सोसवत नाही हेही. एलियट आणि टॉलस्टॉय दया दाखवतात ती त्या माणसाला निर्दोष ठरवण्यासाठी नाही. ती नसती, तर त्याने केलेला अन्यायही आपल्याला पुरता दिसला नसता, कारण खलनायकाच्या हातून अन्याय झाला तर त्यात विचार करण्याजोगे काही उरत नाही. ताईला हे उत्तर अर्धेच पटले आहे.

२० जुलै २०२५

सहाव्या भागासाठी वेळ कमी मिळाला आणि नोंदही लहानच ठेवतो. काशिन प्रांतातील सरदारांच्या निवडणुकीची प्रकरणे आणि मागच्या भागातील डोरोथियाचे काका ब्रूकसाहेब यांची फसलेली उमेदवारी एकापाठोपाठ वाचण्यात मौज आहे. ब्रूकवर अंडी फेकली जातात आणि लेविनला मताची गोळी कोणत्या बाजूला टाकायची हेच कळत नाही.

कोझ्निशेव्ह आणि व्हारेन्का अळंबी गोळा करायला रानात जातात ते पाचवे प्रकरण दोनदा वाचले. त्याने मागणी घालण्याचे शब्द मनाशी जुळवले आहेत, तिला ते कळले आहे, आणि तिच्या तोंडून अळंबीविषयी काहीतरी निघून जाते. मग तोही अळंबीच्या दोन जातींत फरक काय ते विचारतो. उत्तर देताना तिचे ओठ थरथरतात आणि तो क्षण गेला तो गेलाच.

एक गोष्ट पुढच्यासाठी टिपून ठेवतो : एकविसाव्या प्रकरणात व्रॉन्स्की ॲनाच्या वहिनीला, डॉलीला, कळकळीने सांगतो की माझी मुलगी कायद्याने माझी नाही, ती कॅरेनिनची आहे, आणि पुढे होणारी मुलेही त्याचीच ठरतील.

२४ ऑगस्ट २०२५

सातवा भाग. ऑब्लॉन्स्की बहिणीच्या घटस्फोटासाठी शब्द टाकायला जातो आणि कॅरेनिनचा निर्णय लांडाऊ नावाच्या झोपेत बोलणाऱ्या फ्रेंच माणसाच्या बरळण्यावर ठरतो. झारायस्कच्या पाण्याचा हिशेब मागणारा अधिकारी या अवस्थेला पोहोचलेला पाहणे क्लेशदायक आहे. त्या नकारानंतर ॲनाचा शेवट फार दूर नाही. शेवटच्या प्रवासातील तिचे विचार, रस्त्यावरच्या पाट्या, माणसांविषयीची चीड, हातातली लाल पिशवी, हे सर्व मी एका बैठकीत वाचले, कारण मध्ये थांबता आले नाही. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्याला वाचायचे आहे त्याने ती चार प्रकरणे माहिती न घेता वाचावीत.

१४ सप्टेंबर २०२५

‘मिडलमार्च’ संपली. आठव्या भागातील चौऱ्याहत्तरावे प्रकरण ताईने मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवले. बुलस्ट्रोडचे जुने पाप गावभर झाले आहे आणि त्याच्या बायकोला, हॅरिएटला, ते भावाकडून कळते. ती घरी येऊन स्वतःला खोलीत कोंडून घेते. नवऱ्याकडे जाण्याआधी अंगावरचे सर्व दागिने उतरवते, साधा काळा झगा घालते, केसांचा थाट मोडून साधी टोपी घालते. खाली तो मान घालून बसला आहे. ती म्हणते, निकोलस, वर पाहा. तो काय केले ते सांगत नाही, ती विचारत नाही, आणि दोघे रडतात.

इंग्रजी वाचकाला तिथे धर्मनिष्ठ मेथॉडिस्ट बाई दिसते, तशी उपमाच एलियट देतात. आमच्या घरातल्या बायकांनी दागिने उतरवताना जे पाहिले आणि सोसले आहे, त्यामुळे ताईला ते वाचताना मध्येच थांबावे लागले. नवरा जिवंत असताना ही बाई स्वतःच्या हाताने शोक पत्करते आणि तो पत्करून त्याच्या शेजारी बसते. एवढ्या मोठ्या कादंबरीत हॅरिएटला मोजकी पाने मिळाली आहेत. कॅसॉबनला जे कधी कोणाला देता आले नाही, ते देणारी बाई एलियट यांनी गावातील सर्वांत नटव्या बायकांपैकी निवडली, याचे मला फार मोल वाटते.

२८ सप्टेंबर २०२५

आठवा भाग मासिकाच्या वाचकांना मिळालाच नव्हता. तुर्कांविरुद्ध लढायला सर्बियाला जाणाऱ्या रशियन स्वयंसेवकांविषयीची टॉलस्टॉय यांची मते संपादक कात्कोव्ह यांना मान्य नव्हती, म्हणून १८७७ मध्ये त्यांनी तो छापायचे नाकारले. नायिकेच्या मृत्यूबरोबर कादंबरी खरे म्हणजे संपलीच, अशा अर्थाची टीप देऊन पुढे काय होते ते त्यांनी थोडक्यात उरकले. टॉलस्टॉय यांनी तो भाग स्वतंत्र पुस्तकरूपाने काढला. लेविन आकाशाखाली जो शोध घेतो, त्यासाठी हा भाग हवाच. त्यावर आम्हा दोघांचे एकमत आहे.

माझ्या टिपणांसाठी मात्र त्यातील चौथे प्रकरण महत्त्वाचे ठरले. व्रॉन्स्कीची आई आगगाडीत कोझ्निशेव्हला सांगते की कॅरेनिन ॲनाच्या अंत्यविधीला आला आणि तिच्या मुलीला घेऊन गेला. व्रॉन्स्की तेव्हा कशालाही हो म्हणत होता, आता परक्याच्या हाती मुलगी दिल्याचा त्याला पश्चात्ताप होतो. कॅरेनिनविषयी कादंबरी जवळपास इतकेच बोलून थांबते. त्याने तसे का केले, हे ती म्हातारी सांगत नाही आणि टॉलस्टॉयही सांगत नाहीत.

ताई म्हणते, “त्यात मोठं काय केलं? कायद्याने ती त्याचीच होती, व्रॉन्स्कीनेच डॉलीला तसं सांगितलं होतं. कॅसॉबनने मेल्यावर मालमत्तेचा हक्क गाजवला, याने जिवंतपणी मुलीवर गाजवला.” मी तिला चौथ्या भागाचे एकोणिसावे प्रकरण पुन्हा काढायला सांगितले, जिथे दूध नसलेल्या दाईच्या मांडीवर हीच मुलगी रडते आहे आणि तिच्याकडे लक्ष देणारा त्या घरात तो एकटाच आहे. तिने ते वाचले आणि आपले मत बदलले नाही. मीही बदललेले नाही. प्रस्तावना आता वाचायला घेतल्या आहेत. या मुलीविषयी त्यांत काही सापडले, तर त्याची नोंद इथेच करीन.